उंदीर कात्री वापरत नाही

उंदरांनी कुरतडलेल्या गाडीच्या वायरींची टोकं मी शिवणाच्या कात्रीनं सारखी केली होती. एकेक वायर बोटांत धरून, कचाकच. वर फिनेलच्या फडक्यानं सगळं पुसूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सचा माणूस गाडी बघायला येणार आहे, हे पक्कं ठाऊक असताना. पाहुणा येणार म्हटलं की आवरायचं, ही बाईची सवयच असते, असं मी पुढे कित्येकांना हसत सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण बोंबलाचं होतं.

तेव्हा मी अवघी एकसष्ट वर्षांची होते. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईची आठवण आली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. काय तिचा तोरा! लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांना शहाणपण शिकवायची. घरगल्लीत, म्हणजे दोन चाळींच्या पाठी जिथे भिडतात त्या अंधाऱ्या बोळात, खिडकीतून कचरा टाकू नका, अशी पाटी तिनंच स्वतःच्या अक्षरात लिहून जिन्यावर लावली होती. शेवटच्या 'नका'खाली जाड रेघ मारून.

माझी सून माटुंग्याची, शाकाहारी घरातली. लकवा झालेल्या, कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन व्यायाम द्यायचं तिचं काम. सोबत एक जड मशीन. ते उचलून जिने चढताना तिचाच खांदा गेला, म्हणून तिनं स्वतःच्या कमाईतून एक छोटी गाडी घेतली. ओल्या मासळीला तिनं कधी नाक मुरडलं नाही, पण सुक्या मासळीचा वास कपड्यांत बसायचा आणि पेशंट तोंड फिरवायचे. तिनं मला विचारलं, "आई, सुकं घरात नको ठेवूया का?" मी मुलासमोर मोठ्या मनानं म्हटलं, "अगो, त्यात काय एवढं! सोडलं मी."

सोडलं कसलं! मे महिना सरत आला तशी पावसाळ्याची बेगमी घेऊन आले, भरपूर बोंबील आणि थोडे सोडे. आता ठेवायचे कुठे? गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असायची. डिकीतला गालिचा उचलला की खाली स्टेपनीचा खड्डा. तिथे कोण बघतंय? तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वरून माझा जुना फुलाफुलांचा परकर गुंडाळून मी ते गाठोडं चाकाच्या पोटात बसवलं. हवे तेव्हा चार बोंबील काढायचे, तळमजल्यावरच्या मैत्रिणीकडे निखाऱ्यावर भाजायचे, आणि तोंडात बडीशेप टाकून वर यायचं. सुनेचीच गाडी, तिच्यापासूनच लपवायचं, आणि तिनंच ते माटुंग्यापर्यंत फिरवून आणायचं. मला त्याची मजा वाटायची. गाडीत कसला तरी वास येतो, असं ती म्हणाली तेव्हा मी घरगल्लीकडे बोट दाखवलं. गाडी घरगल्लीच्याच तोंडाशी उभी असायची.

जून अर्धा गेला असेल. एका सकाळी गाडी चालूच होईना. मुलानं बॉनेट उचललं आणि "शी!" करून दोन पावलं मागे आला. मुताचा, कुजक्या कापसाचा, कसला कसला तो भपकारा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, टॉर्च मारून आत डोकावला आणि म्हणाला, "उंदीर. अख्खी वायरिंग खाल्लीये. आत घरटंपण आहे वाटतं. भाभी, फुल इन्शुरन्स आहे ना? मग कशाला हात लावू नका. त्यांचा माणूस येऊन बघू दे." सुनेनं तिथल्या तिथे फोन केला. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर येणार असं ठरलं. बॉनेट बंद झालं. फोटो काढायचं त्या घाणीत कोणालाच सुचलं नाही.

मग माझ्या मुलाच्या तोंडाची गाडी सुरू झाली. "गाडीत डबा खातेस ना? बिस्किटं सांडतेस. उंदीर काय तुझ्या मशीनवर व्यायामाला आले?"

"रोज नाही खात. कधीतरी, दोन पेशंटच्या मध्ये." तिचा आवाज खाली गेला होता. मशीन खांद्याला लावून ती टॅक्सी शोधायला निघाली. मी दारात उभी होते. हात कोरडेच होते, तरी पदराला पुसत होते.

दुपारी चाळ आडवी झाल्यावर मी खाली गेले आणि आधी डिकी उघडली. पिशव्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. बोंबलांची नुसती डोकी आणि काटे उरले होते, आणि परकराचा अर्धा घेर गायब. तो बॉनेटखाली सापडला. इंजिनाच्या एका कोपऱ्यात माझी फुलं, वायरीचे लाल-पिवळे तुकडे आणि कापूस यांची एक ओलसर गादी केलेली होती. तिच्यात बोटाच्या पेराएवढी तीन गुलाबी पिल्लं, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले. त्यातलं एक हललं. किंचाळले असते, पण किंचाळले असते तर माणसं जमली असती, आणि परकर माझा आहे हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. गॅलरीत वर्षानुवर्षं वाळलाय तो.

सगळं एका पिशवीत कोंबलं. लेंड्या झाडल्या, फिनेल मारलं. डिकीतलं गाठोडंही त्याच पिशवीत. तुटक्या वायरींना लाळ लागल्यासारखी वाटत होती, म्हणून ती टोकं कापून त्याच पिशवीत टाकली. पिशवी ओल्या कचऱ्यात टाकली तर वासानं पकडले जाईन, म्हणून तिला गाठ मारली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरगल्लीत सोडून दिली. हो, मीच. पाटी लिहिणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअर आला. नाकाला रुमाल लावून बॉनेटमध्ये वाकला, रुमाल काढला, पुन्हा वाकला. "मॅडम, तुमच्या पॉलिसीत उंदरानं केलेलं नुकसान बसतं. पण हे उंदरानं केलेलं नाही. ही टोकं बघा. कात्रीनं कापलीत. उंदीर कात्री वापरत नाही."

"काल मेकॅनिकनं बघितलंय ना," सून म्हणाली.

"मला आज जे दिसतंय ते मी लिहिणार. आत फिनेलचा वास आहे, एक लेंडी नाही, एक केस नाही. असंच लिहून पाठवलं तर क्लेम सरळ परत येईल."

मुलगा तिच्याकडे वळला. "तू पुसलीस? तो मेकॅनिक हात लावू नका म्हणाला होता ना! अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

"मी नाही पुसली."

"मग काय उंदरांनी फिनेल मारलं?"

सून माझ्याकडे बघत नव्हती. ती गाडीकडे बघत होती. त्या आठवड्यातले तीन पेशंट तिनं आधीच दुसरीला देऊन टाकले होते, आणि एकदा दुसरीकडे गेलेला पेशंट परत येत नाही. सर्व्हेअरनं घड्याळ बघितलं. "परळला अजून एक गाडी आहे. दुपारी याच वाटेनं परत जाईन. घरटं, कुरतडलेले तुकडे, काही सापडलं तर दाखवा. नाहीतर मी काय करणार?"

मी तळमजल्यावर मैत्रिणीकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि मग एकदम थांबली. "बोंबील माझ्या चुलीवर भाजलेस, म्हणजे मी पण पापात! आणि ती पोर शिव्या खाताहा? जा गो बाय. आधी घरगल्लीत जा."

पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, आणि सफाईवाल्याच्या लोखंडी दारातून आत शिरले. चाळीस वर्षांत या बाजूनं आपलीच चाळ मी पाहिली नव्हती. पाइपांतून गळणारं काळं पाणी, नारळाच्या करवंट्या, लहान मुलांची लंगोटं, भाताचे आंबलेले गोळे, आणि पायाखाली जे मऊ लागत होतं ते काय आहे हे मी बघितलं नाही. माझ्या खिडकीखाली ढीग होता. इतरांच्या खिडक्यांखाली होता तेवढाच. पिशवी फाटलेली. तिच्यावर मांजराएवढी घूस बसली होती, तोंडात माझ्याच बोंबलाचं डोकं. तिनं माझ्याकडे बघितलं. हलली नाही. दोघींत जास्त निर्लज्ज कोण, याचा निकाल लागेना. शेवटी मी करवंटी फेकली.

पिल्लं नव्हती. आईनं नेली की कोणी खाल्ली, देव जाणे. बाकी सगळं होतं. ते हातात धरून बाहेर आले आणि दाराशीच ओकले.

सर्व्हेअर आला तेव्हा मी गाडीपुढे वर्तमानपत्र पसरून मांडून बसले होते. घरटं, लाल-पिवळे तुकडे, मी कापलेली टोकं, बोंबलाची डोकी. चाळीतली अर्धी माणसं गॅलरीत. तो उकिडवा बसला आणि काडीनं एकेक उलटत गेला. "हे दातांनीच कुरतडलेत," तो म्हणाला. तुकडे गाडीतल्या वायरींच्या रंगाला लावून बघितले, फोटो काढले. "आणि हा कपडा?"

"माझा परकर."

"हे?"

"बोंबील. तेही माझे. डिकीत मीच लपवले होते. टोकं मी कापली, फिनेल मी मारलं. सुनेला यातलं काही माहीत नाही." हे शेवटचं मी मुलाकडे बघून म्हटलं. गॅलरीतून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे सगळं लिहून द्याल?"

लिहून दिलं. त्या पाटीच्याच वळणदार अक्षरात. कागद खिशात घालताना तो म्हणाला, उंदीर काय खायला आले होते ते पॉलिसीत विचारलेलं नाही, काय खाऊन गेले एवढंच विचारलंय. रबर-प्लास्टिकचे थोडे पैसे कापले जातील, बाकी अडचण दिसत नाही. आणि तसंच झालं.

मुलानं तिची माफी मागितली, जिन्यात, अर्धवट. मी मागितली नाही. मला येत नव्हतं. मी साबणानं तीनदा हात धुतले, लिंबू चोळलं, वास गेला नाही. गाडी परत आली त्या दिवशी सून मशीन डिकीत ठेवत होती. मी बाजूला उभी राहून पुटपुटले, "स्टेपनीच्या खड्ड्यात मी आता काही ठेवत नाही हो." तिनं डिकी बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली,

"आई, बोंबील आजपासून घरातच ठेवा. मला बोलणी बसत होती आणि तुम्ही पदराला हात पुसत उभ्या होतात ना, त्याच्यापेक्षा तो वास बरा."