पन्हाळ्याच्या उतारावरचा कवडसा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो – किती घेतली होती? वीस वर्षं झाली, कोल्हापुरात लोकांच्या गच्च्यांवर चढून केबल, कॅमेरे, इंटरनेट बसवतोय. टाकीमागं, जिन्याखाली, बंद खोल्यांत... सगळीकडं घुसलोय. पाल सोडून काही भेटलं नाही. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो.

वैशाली म्हणून एक मुलगी. पुण्याच्या कंपनीत नोकरी, काम घरी बसून. वडील, म्हणजे अण्णा, पॅरालिसिसनं अंथरुणाला खिळलेले, उजवी बाजू गेलेली. शहरातल्या घरी ठेवलं की जेवायचेच नाहीत. ‘शेतावर न्या’ एवढाच हट्ट. शेवटी ती त्यांना घेऊन पन्हाळ्याच्या उतारावरच्या शेतघरात राहायला गेली. तिथं मोबाईलला रेंज जेमतेम बोलण्यापुरती. कंपनीनं बजावलं होतं – सोमवारपासून नेट नीट हवं, नाहीतर पुण्याला ऑफिसात या.

"दादा, नोकरी सोडू का अण्णांना सोडू, तुम्हीच सांगा," असं म्हणाली.

उपाय एकच होता. शहरातल्या घरावर एक डिश, शेतघरावर दुसरी. दोन्ही नेमक्या समोरासमोर बसवायच्या आणि सोळा किलोमीटर हवेतून नेट न्यायचं. अट एवढीच, मध्ये झाड, टेकाड काही आडवं नको.

शुक्रवारचा अख्खा दिवस पाण्यात गेला. शहरातल्या गच्चीवर मी, शेतघरावर माझा पार्टनर रफिक. सिग्नल यायचा आणि जायचा. उताराचा एक उंचवटा मध्ये येत होता. शनिवारी सकाळी मी रफिकला म्हटलं, आरसा घेऊन रानात फिर. ही आमची नेहमीची पद्धत – पलीकडच्यानं आरशानं ऊन माझ्याकडं फेकायचं. जिथनं कवडसा दिसेल, तिथनं डिशही दिसणार.

दहाच्या सुमारास दुर्बीण लावून बसलो होतो. शेतघराच्या पत्र्याची कड जेमतेम दिसत होती. तिच्यापासून बऱ्याच उजवीकडं... दिसला की! लख्ख! तीनदा चमकला, थांबला. परत तीनदा.

लगेच फोन लावला. "रफ्या, हलू नको तिथनं! तिथंच खांब रोवायचा!"

"कुठं तिथं? मी अजून ओट्यावर च्या पितोय."

"मग आरसा कोण दाखवतंय?"

"आरसा पिशवीत हाय. आन् ऊन कुठं हाय हितं? सकाळधरनं आभाळ भरलंय."

"थट्टा करतोस व्हय रे?"

"आईशप्पत न्हाय!"

दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या डोक्यावर ऊन, पण तो सगळा उतार ढगाच्या सावलीत. अंगावर काटा आला का? नाही. आधी रागच आला. पत्रा असेल, गाडीची काच असेल, सगळं मनात येऊन गेलं. पण काहीही चमकायचं तर ऊन लागतं ना?

तरी म्हटलं, बघू. रफिकला फोनवरनं "अजून उजवीकडं... अजून..." करत त्या जागेवर नेला. रानाचा बांध होता, गवत आणि एक सपाट दगड, बाकी काही नाही. तिथं खांब रोवून डिश फिरवली आणि सिग्नल असा आला की मी आकडा दोनदा बघितला.

दुपारी मी स्वतः वर गेलो. बांधापासून घरापर्यंत केबल ओढली, नेट सुरू झालं. पोरगी रडायचीच बाकी होती. मग चहा घेताना मी सहज म्हटलं, "बांधावर कायतरी चमकलं म्हणून जागा सापडली, नाहीतर आज काय खरं नव्हतं."

कॉटवरच्या अण्णांनी मान वळवली. डावा हात वर केला. तीन बोटं!

तीनदा चमकलं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, रफिकलासुद्धा नाही.

अण्णांना बोलायला जड जातं, पण हे स्पष्ट बोलले. "जेवाय... बोलवतीया."

मग वैशालीनं सांगितलं. भाकरी झाल्या की तिची आई घासलेली परात घेऊन त्या बांधावर जायची आणि उन्हात तीनदा हलवायची. खालच्या रानात अण्णांना हाक ऐकू यायची नाही, म्हणून. "मी दीड वर्षाची असताना आई गेली. हे सगळं मला अण्णांनीच सांगितलंय."

"वाढ," अण्णा म्हणाले. महिनाभर चमच्यानं पेज घेणाऱ्या त्या माणसानं दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. रफिक बाहेर जाऊन उभा राहिला. मलाही तिथं थांबवेना.

या धंद्यातल्या बऱ्याच जणांना विचारलं. कुणी म्हणतं ढगाला फट पडली असेल, कुणी म्हणतं दुर्बिणीचा दोष. असेलही. पण ती तीन बोटं? लोकांना ‘किती घेतली होती’ विचारायचं मात्र मी बंद केलंय.

त्या शनिवारी निघताना वैशाली गाडीपर्यंत आली होती. "दादा, खरंच बघितलं तुम्ही? का अण्णांना बरं वाटावं म्हणून?"

"खरंच बघितलं. मला खोटं बोलून काय मिळणाराय?"

"कसा होता ओ उजेड?"

असलं वर्णन मी जन्मात कधी केलेलं नाही. पांढरा होता, म्हटलं. जरा हलत होता, हातात जड काहीतरी धरल्यावर हलतं तसा. घाई नव्हती त्याला.

मी गाडी सुरू केली, तशी ती पुढं आली. मग हळूच म्हणाली, "परत एकदा सांगा की."

मी गाडी बंद केली आणि परत सांगितलं.