मोटार नको म्हणालो

आमच्या घरात मोटारीचं नाव काढलं की आई कानांवर हात ठेवायची. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून तासगावची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. एकदा चढावर तिचा दम सुटला, ती मागं घसरली आणि ओढ्यात कलंडली. तिघं गेले. तेव्हापासून आमच्याकडं बैलगाडीच काय ती भरवशाची. बैलगाडीखाली येऊनही माणसं मरत होती, पण त्याचा गवगवा होत नसे.

धाकटा भाऊ पलटणीत होता. लढाई संपली आणि अंगावर साधा ओरखडाही न घेता तो सुटीवर यायला निघाला. त्याला मोटारीत बसवू नको, असं आईनं मला बजावलं. मी कशाला बसवतोय? मला तर मिरवायचं होतं. घरची जुनी जोडी सोडून मी शर्यतीची खोंडं छकड्याला जुंपली आणि वेशीत हलगीवाले उभे करून स्टेशनावर गेलो.

खोंडं बघून तो हसलाच नाही. म्हणाला, "दादा, मोटार हुबी हाय की. ही लय तापट हायती. आपुन मोटारीनं जाऊ."

"तोफांतनं वाचलास, आन् आता मोटारीत मरतूस व्हय रं?" मी म्हणालो. तो मुकाट्यानं छकड्यात बसला.

वाटभर खोंडं गुणानं चालली. वेशीत हलगी कडाडली मात्र, आणि त्यांनी शेपट्या वर केल्या. ह्याच ठेक्यावर मी त्यांना दोन वर्षं पळवत होतो. शर्यत सुटली, एवढंच त्यांना कळलं. कासरा माझ्या हातात होता, पण त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. चाक वेशीच्या दगडावर चढलं आणि छकडा उलटला. मी मातीत पडलो, तो दगडावर. सांगलीच्या दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी जुंपेपर्यंतही तो राहिला नाही.

खोंडं मी विकून टाकली. मुक्या जनावरांचा काय दोष? पण दावणीला ती दिसली की मला घास गिळवेना.

आईनं मला कधी बोल लावला नाही. स्वतःलाच लावून घेतला. आल्यागेल्याला सांगायची, "मीच म्हनलं, मोटार नगं. मीच खाल्लं माज्या लेकराला." मरेपर्यंत हेच सांगत होती. स्टेशनावर तो काय म्हणाला, ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं. मी एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या शेजारी बसून नुसता तिचे डोळे पुसत राहिलो.