फुटक्या लोखंडाचे संपादक

सरांचा सत्कार धुळ्याला झाला त्या दिवशी स्टेजवर रक्त सांडलं. त्यातलं थोडं माझं होतं. लोकांनी पुढे त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवले, पण त्यात नुसती ओढाताण आणि उलट्या पडलेल्या खुर्च्या दिसतात. कशावरून काय झालं ते दिसत नाही, म्हणून लिहिते आहे.

सर म्हणजे जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले माझे गाईड. बॉयलर आणि दाबाखाली चालणारी लोखंडी भांडी का फुटतात, एवढ्या एकाच विषयाचं संशोधन-त्रैमासिक त्यांनी सुरू केलं आणि मेहरूण भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीतून चालवलं. मी शिंदखेड्याहून शिकायला आले, पीएच.डी.साठी त्यांच्याकडे लागले आणि लेख तपासता तपासता सहसंपादक झाले. त्या खोलीत पुस्तकांपेक्षा लोखंडच जास्त. फाटलेल्या नळ्या, चिरलेले जोड, कारखान्यांतून आणलेले पत्र्याचे तुकडे. देशभरातले लोक तिथे लेख पाठवायचे.

धुळ्याजवळ सोनगीरच्या रस्त्याला सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. तिचा बॉयलर फुटला तेव्हा सर दुसऱ्याच दिवशी मला घेऊन तिथे गेले. शेडचं छप्पर उडून शेजारच्या कपाशीत पडलं होतं. भिंतीवर उंच एक चप्पल चिकटली होती. ती कशानं चिकटली आहे हे लक्षात आल्यावर मी बाहेर जाऊन ओकले.

त्या पाळीतला एकच माणूस वाचला होता, भट्टीत कोळसा टाकणारा. हॉस्पिटलात त्याचा अर्धा चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला होता. सर त्याच्याजवळ वाकले. "आधी काही जाणवलं होतं का, भाऊ?"

"वाफ तठून रोजच निंघे," तो म्हणाला. "मालकले सांगं. त्यानी वरतून वेल्डिंग मारी दिधं."

सरांनी बॉयलर इन्स्पेक्टरच्या परवानगीनं फुटलेल्या जागेचा तुकडा आणला. चिरेची अर्धी बाजू काळी, गंजलेली होती आणि अर्धी चकचकीत. काळी बाजू म्हणजे जुनी चीर. ती कितीतरी आधीपासून तिथे होती, आणि तिच्यावर वेल्डिंगचा लेप होता. आम्ही दोघांनी लेख लिहिला, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि छापला. गिरणीचं नाव दिलं नाही, फोटो दिले. धुळ्यात ओळखायला तेवढं पुरलं.

मे महिन्यातली भर दुपार होती. सर आणि मी पुढच्या अंकाची प्रुफं वाचत बसलो होतो. दार ढकलून तिघं आत आले.

"गिरणीचं कोणी लिहिलं?"

"मी," सर उठत म्हणाले. "बसा. पाणी घ्या आधी."

एकानं त्यांच्या कानाखाली मारली. चष्मा उडून भिंतीवर आपटला. दुसऱ्यानं त्यांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं त्यावर रॉड घातला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. सर ओरडले नाहीत. "पोरीला हात लावू नका," एवढंच म्हणाले. त्यानं रॉड पुन्हा उचलला.

माझ्या हाताशी नळीचा एक जाड तुकडा होता. तो मी दोन्ही हातांनी धरून रॉडवाल्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दात मोडले ते माझ्या मनगटापर्यंत कळलं. तो खाली बसला. मी आणखी एकदा मारलं. मला भीती वाटत नव्हती, मला त्याला मारायचंच होतं. मग मागून कुणीतरी माझे केस धरून डोकं लोखंडी रॅकवर आपटलं, आणि ते रॅक सगळ्यांच्या अंगावर कोसळलं. तो आवाज ऐकून शेजारच्या गॅरेजातले चाचा आणि त्यांची मुलं लोखंडी पाने घेऊन धावत आली. दोघं पळाले. तोंड फुटलेला सापडला, पण त्याला कुणी पाठवलं ते त्यानं तेव्हा काही केल्या सांगितलं नाही.

सरांच्या हातात स्टीलच्या पट्ट्या बसवल्या, तरी बोटं वळेनात. ते डाव्या हातानं लिहायला शिकले. अंक उशिरा निघाला, पण निघाला.

पुढे काही वर्षांनी धुळ्याच्या इंजिनिअरांच्या एका मंडळानं सरांचा सत्कार ठरवला. सरांनी एकच अट घातली. गिरणीतल्या त्या माणसाला बोलवायचं. तो आला. अर्ध्या चेहऱ्यावर उपरणं ओढून शेवटच्या रांगेत बसला. स्टेजवर बोलावलं तर जागेवरूनच म्हणाला, "मी आठेच बरा शे."

कार्यक्रमाला पैसे कुणी दिले हे मंडळानं आम्हाला सांगितलं नव्हतं. सूत्रसंचालकानं शाल घालण्यासाठी ज्यांना पाचारण केलं ते गिरणीचे मालक होते.

ते हसत आले. सरांनी डाव्या हातानं शाल मध्येच धरली. "आधी एक सांगा. बॉयलर चिरलेला आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"सर, आज चांगला दिवस आहे."

"माहीत होतं ना?"

मालक तोंडावरचं हसू तसंच ठेवून त्यांच्या कानाशी वाकले. "एक हात मोडून भागलं नाही का रे म्हाताऱ्या?"

माइक दोघांच्या मध्येच होता. वाक्य सगळ्या हॉलभर गेलं. सगळ्यांनी ऐकलं हे मालकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सरांना दोन्ही हातांनी ढकललं. सर पाठीवर पडले. मालकांची माणसं स्टेजवर चढली, पाठोपाठ विद्यार्थी चढले. मी सरांच्या अंगावर वाकले तेव्हा कुणाच्या तरी धक्क्यानं समई माझ्या भुवईवर आली. एका डोळ्यानं मला नुसतं लाल दिसत होतं. दुसऱ्यानं दिसलं की शेवटच्या रांगेतला तो माणूस खुर्च्यांवरून उड्या टाकत आला आहे आणि त्यानं मालकाचा गळा धरला आहे. मालक हवेत पाय झाडत होता. चौघांनी ओढलं तरी त्याची पकड सुटेना.

सर सरपटत गेले आणि त्याच्या पायाला धरलं. "सोड रे भाऊ. मरेल तो. सोड."

तेव्हा त्यानं सोडला.

पोलिसांनी मालकाला नेलं, आणि गळा धरणाऱ्या त्या माणसालाही नेलं. माझ्या भुवईला टाके पडल्यावर मी स्टेशनात गेले, तर सर बाकावर बसून होते. "आधी याला सोडा, मग मी दवाखान्यात जातो," असं त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं.

तो शेजारीच होता. "सर, तो काय बोलना?" त्यानं विचारलं. "मना एक कान बॉयलर फुटना त्याच दिनले गया, दुसराले कमी ऐकू येस. तुमले ढकलं ते दिसनं, म्हनीसन मी वर उनू."

सरांनी त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते ऐकून तो उपरण्यात तोंड घालून मोठ्यानं रडायला लागला, आणि हवालदारानं त्याला पाणी आणून दिलं.

हॉलच्या रेकॉर्डिंगवरून सरांच्या मारहाणीची केस पुन्हा उघडली. तो तोंड फुटलेला शेवटी बोलला, आणि मालकाला शिक्षा झाली. बॉयलरचा खटला अजून चालू आहे. गिरणीतल्या त्या माणसाला जामीन सरच राहिले. संपादकाचं काम आता मी करते. तारीख असली की आम्ही तिघं कोर्टात एकाच बाकावर बसतो.