खोलीतली परकी बाई

मार्लिस टेकमनला एका जागी बसवून दाखवण्याची पैज तिच्या गल्लीतला कुणीही हरला असता. चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं की ही उठून मागे कॉफी लावायला जायची. टीव्ही बघायची तोही उभ्याने, हातात विणकाम घेऊन. दारू सोडल्यापासून हा अस्वस्थपणा फारच वाढला होता. हात रिकामे राहिले तर जुन्या सवयीकडे वळतील, अशी तिला धास्ती होती, आणि ती काही खोटी नव्हती. अशा बाईला नोकरी मिळाली ती कुठली, तर तोंडावरची रेषही न हलवता गप्प बसण्याची. देवालाही कुणाची थट्टा करावी ते बरोबर कळतं.

मिनेसोटातल्या एका विद्यापीठात वर्षभराच्या मुलांचा अभ्यास चालायचा. जमिनीवर खेळणी पसरलेली खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीत मोठा आरसा. आरशामागे बसलेल्यांना खोली दिसे, खोलीतल्यांना मात्र नुसता आरसाच. आई मुलाला घेऊन बसली की मार्लिस आत जाई. आधी मिनिटभर मुकाट्याने बसायचं, मग थोडा वेळ आईशी बोलायचं, मग मुलाशी खेळायचं. आरशावर टकटक झाली की आईने हळूच बाहेर जायचं आणि मूल या परक्या बाईपाशी राहायचं. मूल कधी रडलं, हनुवटी कधी थरथरली, कुणाला बिलगलं, कुणापासून दूर सरकलं, या सगळ्याला आरशामागची मंडळी गुण देत. मुलाने बाईला आधी कधीच पाहिलेलं असता कामा नये. त्यापायी दुकानात बाबागाडी दिसली की मार्लिस भरलेली टोपली घेऊन दुसऱ्या रांगेत सटकायची. आणि आई ओळखीची निघाली तर आधी सांगून बाजूला व्हायचं, हा तिथला मोठा नियम होता.

एप्रिलातल्या त्या सकाळी आरशामागे उभं राहून तिने आत पाहिलं. खुर्चीवर ब्रिटा बसली होती, तिची मुलगी. मांडीवर पिवळ्या मोज्यांची एक गुबगुबीत पोर.

ब्रिटा शाळकरी होती तेव्हा मार्लिस एकदा प्यायलेली असतानाच गाडी घेऊन तिला शाळेतून आणायला गेली होती. येताना गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली आणि पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे ब्रिटा घर सोडून गेली. लग्नानंतर एकदाच तिचा फोन आला. मला मुलं झाली तर तुझ्याजवळ एक क्षणही एकटी सोडणार नाही, एवढं सांगून तिने ठेवून दिला. नात झाल्याचं मार्लिसला बहिणीकडून कळलं होतं. तिने कार्डं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही.

ब्रिटाचं आडनाव आता वेगळं, त्यामुळे अभ्यास चालवणाऱ्या रेनरबाईंना काही कळण्याची सोय नव्हती. मार्लिस स्वेटरची बटणं लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. काही होतंय का, असं रेनरबाईंनी विचारलं. घसा जरा बसलाय, असं मार्लिसने ठोकून दिलं. पोरीने मला कुठे पाहिलंय, असं ती मनाला समजावत होती. पण तिला नातीला जवळून बघायचं होतं, खरं कारण तेवढंच होतं. ती आत गेली.

ब्रिटाने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. उठून निघून गेली असती तर कुणी अडवणार नव्हतं. तिने पोरीला फक्त घट्ट धरलं. ते मुकं मिनिट मार्लिसला जाता जाईना. तिचे अंगठे एकमेकांवर फिरत राहिले. मग बोलायची वेळ आली.

"यंदा थंडी लांबली," मार्लिस म्हणाली. सगळ्याच आयांना ती हे म्हणायची.

"लांबली."

"नाव काय हिचं?"

"टिल्डा." ब्रिटा आरशाकडे बघत होती. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "इथे गाडीने येतेस?"

"बसने. लायसन्स मीच परत केलं."

"आणि ते दुसरं?"

"सहा वर्षं झाली. थेंब नाही."

"हे तू आधीही सांगायचीस."

"सांगायचे. तेव्हा खोटं बोलायचे."

मार्लिस जमिनीवर बसली आणि तिने लाकडी बदक पुढे सरकवलं. टिल्डाने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मुलं असंच करतात. नव्या माणसाला भ्यायचं की नाही, हे ती आईच्या तोंडावर वाचतात. काय वाचलं कोण जाणे, पण पोर मांडीवरून उतरली आणि रांगत येऊन तिने बदकाची शेपटी तोंडात घातली.

आरशावर टकटक झाली.

ब्रिटा उठली नाही. पुन्हा टकटक झाली. आता ही पोरीला उचलून चालू लागेल आणि मग आपल्याला ती कधीच दिसणार नाही, असं मार्लिसला वाटलं. तिने हात गुडघ्याखाली दाबून धरले. ब्रिटा उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि दाराकडे गेली. बाहेर पडली, पण दार तिने पुरतं लावलं नाही. फटीतून तिची दारावरची चार बोटं दिसत होती.

दार असं उघडं राहिलं तर सगळी मेहनत फुकट, तेव्हा परक्या बाईने उठून ते लावून घ्यायचं असतं. आरशावर तिसऱ्यांदा टकटक झाली, जरा जोरातच. टिल्डाने फटीकडे पाहिलं, मग मार्लिसच्या स्वेटरचं एक बटण मुठीत धरलं.

मार्लिसने आरशाकडे तोंड केलं. तिथे तिला तिचाच रडवेला चेहरा दिसला.

"ते दार राहू दे तसंच, रेनरबाई," ती म्हणाली. "ही माझी नात आहे. तिची आई इथवरच जाऊ शकते."