खडूसकाकांचा पासवर्ड

त्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसात कोणी कोणाला ओळखेनासं झालं. म्हणजे माणसं ओळखत होती, कंप्युटर ओळखत नव्हते. कोण कुठल्या खात्यातला, त्याचा पासवर्ड काय, त्यानं कुठल्या फायली बघायच्या आणि कुठल्या नाही, हे सगळं ज्या एका सर्व्हरला माहीत, त्यानंच मान टाकली होती. जोडीला दुसरा घ्या म्हणून मी साहेबांच्या कानीकपाळी ओरडले होते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बॅकअप ठणठणीत होता, तो मी स्वतः बघते. पण तो परत चढवायचा तर सर्व्हर वेगळ्या पद्धतीनं सुरू करावा लागतो आणि तिथं पासवर्डही वेगळा लागतो. सर्व्हर बसवताना तो एकदाच ठरवतात, आणि देव करो नि कधी न लागो. आमचा ठरवला होता खडूसकाकांनी. लिहून ठेवलेला पासवर्ड म्हणजे उघडं दार, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे तो कुठंच सापडेना. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या गडबडीत ना त्यांनी सांगितला, ना कोणी विचारला.

खडूस हे त्यांना अख्ख्या ऑफिसनं दिलेलं नाव. नियमाबाहेर ते साहेबांनाही साधा फोल्डर उघडून द्यायचे नाहीत. मला हे काम त्यांनीच शिकवलं, बोल लावत लावत.

फोन त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. घरी ये," म्हणाले आणि ठेवूनही दिला.

चारशे माणसं हातावर हात ठेवून बसलेली, साहेब माझं डोकं खातायत, आणि म्हातारा म्हणतो घरी ये. टॅक्सीत बसून मी वाटभर मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

दार उघडंच होतं. खोली लख्ख, टीव्ही आवाज बंद करून चालू. टेबलाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. ती त्यांनी माझ्यासाठी उचलली आणि कुठं ठेवावी हे न सुचून तशीच हातात धरून उभे राहिले. काकू गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नसावं.

"मुलगा रविवारी करतो फोन," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

चहा झाला, बिस्किटं झाली. सर्व्हरच्या खोलीतला एसी अजून गळतो का, साहेबांची पाठ कशी आहे, सगळी चौकशी झाली. ते दुसरा चहा टाकायला उठले तेव्हा माझा तोल गेला.

"काका, तो पासवर्ड आठवतोय का नाही, ते एकदा सांगा. नसेल आठवत तर तसं सांगा."

"आठवतोय."

"मग सांगा की."

ते हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले. "सांगितला की जाशील तू."

माझा राग पळाला असं म्हणणार नाही. राग होताच. पण तीन वर्षांत ऑफिसातून या माणसाला एक फोन गेला नव्हता, माझासुद्धा नाही.

"मग चला," मी म्हटलं. "तुम्हीच येऊन टाका."

शर्ट बदलून, बूट घालून ते माझ्याआधी जिना उतरले.

ऑफिसच्या दाराशी नव्या रखवालदारानं अडवलं. "कोणाकडे जायचंय?"

"सर्व्हरकडे," काका म्हणाले. त्यानं पाहुण्याचा पास त्यांच्या गळ्यात अडकवला.

पासवर्ड टाकताना त्यांनी डाव्या हातानं कीबोर्ड झाकून घेतला, तोही माझ्यापासून. बॅकअप चढायला चांगला वेळ लागला. काका स्टुलावर बसून पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. वायरींना लेबलं का नाहीत, ही धूळ कसली, हे कोणी जोडलं असं. मला दोनदा मूर्ख म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सर्व्हर उभा राहिला. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. साहेबांचा फोन आला, "शाबास." काका आलेत हे मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी ठेवलाही.

"आता तो पासवर्ड बदल," काका म्हणाले.

"असू दे ना. पुन्हा लागला तर तुम्हाला बोलवीन."

"बाहेरच्या माणसाला माहीत असलेला पासवर्ड ठेवायचा नसतो. एवढंही शिकली नाहीस?"

"तुम्ही कुठले बाहेरचे?"

ते स्टुलावरून उठले आणि माझी बोटं दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नवा पासवर्ड दोनदा टाकावा लागतो. दुसऱ्यांदा मी मुद्दाम चुकीचा टाकला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पण असं किती वेळ करणार? शेवटी नीट टाकला. बदलल्याचं पडद्यावर आलं.

"झाला?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"थांबा, अजून नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या पाठीकडे बघत नुसतीच बसून राहिले.