केतुराची ओली टोपली

आमच्या गल्लीत केतुराच्या इस्त्रीबद्दल कुणी वाकडा शब्द काढत नाही. चांगला शब्दही जपूनच काढावा लागतो, कारण मग ती दुपारपर्यंत सोडत नाही. गव्हाच्या कोंड्याची खळ, इस्त्रीच्या तळाला मेणाचा हात, आणि कॉलर अशी कडक की वर बशी ठेवावी. तिचा नवरा एझ्रा गेला तेव्हा शवपेटी उचलणारे दारात घामाघूम उभे, आणि ही आत त्याच्या सदऱ्यावर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवतेय.

"सिस्टर केतुरा, देव काही सदऱ्याची बाही बघत नाही," पाद्रीबुवा म्हणाले.

"तो नसेल बघत. पण तिथे आमच्या गल्लीतल्या किती बायका आधीच पोचल्यात!"

अशा बाईवर १८८१च्या जुलैत जी वेळ आली, ती मी कुंपणाच्या फटीतून पाहिली. फट मी पाडलेली नाही. थोडी मोठी केली असेल.

आम्हा दोघींची विहीर एक आणि धंदाही एकच, अटलांटातल्या गोऱ्या घरांची धुणी. त्या महिन्यात शहरभरच्या आम्हा काळ्या धोबिणींनी चर्चमध्ये सभा घेतली. सिस्टर व्हिनी आमची पुढारी. आवाज असा, की चर्चची घंटा दुरुस्तीला गेली तरी चालेल. तिनं सांगितलं, बारा पौंड धुण्याला एक डॉलर. जे घर तो मान्य करेल त्याचंच धुणं घ्यायचं, तोवर कुणी टबात हात घालायचा नाही. घरात आलेले कपडे असतील तसे परत. भिजत असले तर भिजलेले. एकीनं जरी घडी घालून दिली, तर गोऱ्या बाया उद्या तीच घडी बाकीच्यांच्या नाकासमोर नाचवतील.

"कबूल असेल त्यांनी हात वर करा!"

सगळ्यांत उंच हात केतुराचा. पांढऱ्याशुभ्र कफासकट.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात मका सोलत बसले होते. काम नाही, म्हणून नाक मोकळं. त्या नाकाला वास आला ताज्या खळीचा. मी फटीला डोळा लावला. केतुराच्या चुलीवर तीन इस्त्र्या तापत होत्या आणि फळीवर तिच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, कॅप्टन लॅथ्रपचा सदरा पसरलेला.

मी सरळ फाटक ढकललं. "काय गं, संप संपला वाटतं? मला कुणी सांगितलंच नाही."

ती दचकली, पण हातातली इस्त्री खाली ठेवली नाही. "ओरडू नकोस, डॉर्कस. सातच सदरे आहेत. सभेच्या आधीच भिजवले होते."

"मग ओलेच दे ना नेऊन."

"ओले? पिळे पडलेले? माझ्या हातचे?"

"संप मोडतेयस तू, बाई!"

"कुठे मोडतेय? मी मजुरी घेणारच नाहीये. फुकट देणार आहे."

मी खालीच बसले. "अगं शहाणे, अख्ख्या शहरात बायका डॉलर मागतायत आणि तू फुकट वाटायला निघालीस? लॅथ्रपीणबाई तर तुझी आरतीच ओवाळेल. सिस्टर व्हिनीला काय सांगू मी?"

"तू काही सांगू नकोस. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो रोगच आहे तुला." मग तिचा आवाज उतरला. "पंधरा वर्षं झाली त्या घराला. ओली टोपली दिसली की म्हणतील, केतुराचा हात गेला. एझ्रा नाही, पोरं नाहीत. एवढं एकच नाव आहे गं माझं."

आता यावर चेष्टा काय करायची? मी चेष्टा केली नाही याचंच तिला भय वाटलं असावं.

"तू ओली टोपली दिलीस तर तुझ्या बारा घरच्या बायाही असंच म्हणतील?" तिनं विचारलं.

"माझ्या हाताचं नाव होतंच कधी? पण तू डॉलर मागितलास तर मलाही मिळेल. तू फुकट दिलंस तर मला दारात कोण उभं करणार?"

तिनं सदरा उचलला. कॉलर झाली होती, एक बाही झाली होती. उजेडाकडे धरून पाहिला आणि डोळे मिटून टबात बुडवला. एझ्राला मातीत ठेवतानाही ती इतकी रडली नव्हती. बरं, हे मी थोडं वाढवून सांगतेय.

टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. मागे मी, साक्षीला. पाणी गळून गळून तिची स्वतःची कॉलर मानेवर लोळायला लागली. लॅथ्रपीणबाईनं टोपलीत हात घातला आणि किंचाळलीच. "केतुरा! आजारी आहेस का तू?"

"हात ठणठणीत आहे, मॅडम. फक्त आता तो चालवायला बारा पौंडांना एक डॉलर पडतो."

मामला इथे संपला असता. पण खळीचा वास गल्लीत पसरला होता आणि रविवारपर्यंत सिस्टर व्हिनीच्या कानावर गेला. कुणी सांगितलं ते विचारू नका, मी फक्त दोघींशीच बोलले होते. चर्चमध्ये सगळ्या माना दाराकडे. केतुरा आली. अंगातला झगा टबातून काढून तसाच वाळवलेला, सुरकुत्याच सुरकुत्या. पहिल्या बाकापर्यंत ती सावकाश चालत गेली, सगळ्यांनी नीट बघावं म्हणून. सिस्टर व्हिनीनं सरकून जागा दिली. पुढचे दोन रविवारही तोच झगा.

चौथ्या आठवड्यात खुद्द कॅप्टन लॅथ्रप बग्गी घेऊन आमच्या गल्लीत. हातात सदरा, सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग.

"कुणी केलं हे?" केतुरानं डाग डॉक्टरसारखा तपासत विचारलं.

"मिसेस लॅथ्रपनी," कॅप्टन पुटपुटले. "डॉलर कबूल आहे."

"आणि तुमच्या मेहुण्यांचं धुणं या डॉर्कसकडे असतं. त्यांचं काय?"

"त्यांनाही सांगतो."

"सांगून या. तोवर चूल पेटवते."

त्या रविवारी केतुराच्या झग्याला इतकी खळ होती की प्रार्थनेला तिला गुडघेच टेकता येईनात. उभ्यानंच केली. बाही मात्र छान बसली होती.