कवी आप्पा रेवाळे यांची गवळण

सत्यवती रेवाळेला गाणं सुचायला काहीही पुरायचं. तांदूळ निवडताना सुचायचं, गुरांना पेंड घालताना सुचायचं. एकदा तर रत्नागिरीला दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असताना सुचलं, आणि बिचारीला ते डॉक्टरचा हात बाहेर निघेपर्यंत जिभेखाली धरून ठेवावं लागलं. लिहून काही ठेवायची नाही. डोक्यात राहील ते आपलं, विसरलं ते देवाचं, असा तिचा साधा कारभार.

आणि अशी बाई सून म्हणून आली कुणाच्या घरात? तर आप्पा रेवाळ्यांच्या! गाठी वर बांधतात म्हणे. बांधणारा त्या दिवशी गमतीत असणार.

आप्पा तरुणपणीच बैठकीला लागले होते. दर गुरुवारी संध्याकाळी वाडीतली माणसं जमायची, पोथी वाचायची आणि आप्पा तिचा अर्थ सांगायचे. बैठकीपायी त्यांनी दारू सोडली, मासे सोडले, शिव्या सोडल्या. इथवर छानच. पण पुढे म्हणाले, गाणं म्हणजे मनाचं दार उघडं टाकणं, कुत्रं-मांजर कोणीही आत शिरतं. झालं! तेव्हापासून घरात आरती आणि अभंग सोडले तर सूर म्हणून नाही. मध्यंतरी टीव्ही आला होता. त्यात नाच लागला आणि आप्पांनी तो चादरीत गुंडाळून भाच्याच्या घरी पोचता केला. आता माणूस वाईट होता का? मुळीच नाही हो! बाजारात आंबे विकताना स्वतःच्या तोंडाने ‘हा डागी आहे, नका घेऊ’ असं गिऱ्हाइकाला सांगणारा दुसरा माणूस अख्ख्या कोकणात दाखवा, मी मिशी उतरवतो.

सत्यवतीचा नवरा गंगाराम रत्नागिरीत रिक्षा चालवायचा. बापासमोर ब्र काढायचा नाही, पण बायकोच्या गाण्याचा जबर भक्त. बाजाराच्या निमित्ताने तिला रिक्षात घालायचा, घाट लागला की म्हणायचा, “हं, आता आप्पांची हद्द संपली. म्हण गो.” आणि ती मागे बसून मोकळ्या गळ्याने म्हणायची. समोरून एसटी आली तरी थांबायची नाही.

असंच एकदा रिक्षात असताना मुंबईहून धाकट्या दिराचा फोन आला. अनिल तिकडे कंपनीत कामाला आणि वाडीच्या नाचमंडळात हौसेने नाचायला. आपलं जाखडी, शक्ती-तुरा. पायांत चाळ बांधून गोलात नाचायचं, आणि दोन पार्ट्यांनी गाण्यांतून एकमेकींची भरस्टेजवर जिरवायची.

“वयनी, मेलो!” अनिल म्हणाला. “रविवारी हॉलमध्ये सामना हाय. समोरची पार्टी म्हणजे वाघ. आमच्याकडे गण हाय, सवाल हाय, पण गवळणच नाय. काहीतरी दे गो.”

सत्यवतीने दिली. रिक्षा निवळीच्या नाक्यावर चहाला थांबली होती तेवढ्यात दिली.

“पण भावजी, माझं नाव घेऊ नका हां. आप्पांना कळलं तर माझं गुणगुणणंसुद्धा बंद होईल. शेवटच्या कडव्यात ‘कोणी सांगे’ म्हणा आणि मोकळे व्हा.”

बोलायला सोपं. जाखडीत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यावंच लागतं. नाही आलं तर समोरची पार्टी ‘चोरीचं गाणं, चोरीचं गाणं’ म्हणून हॉल डोक्यावर घेते. अनिल स्टेजवर उभा, शेवटचं कडवं तोंडाशी आलेलं, समोर वाघ टपून बसलेले. वहिनीचं नाव घेता येत नाही. स्वतःचं घ्यावं तर याला साधा उखाणा जुळत नाही हे सगळ्या मुंबईला ठाऊक. अशा वेळी भित्र्या माणसाच्या तोंडात जे नाव रात्रंदिवस असतं तेच बाहेर पडलं:

*वाट सोड रे कान्हा, मला उशीर झाला,*
*सासरा माझा करडा, दारी येऊन बसला.*
*हसले तर म्हणे पाप, गायले तर ताप,*
*दही घुसळतानासुद्धा म्हणे कर गो जाप!*
*आप्पा सांगे राधे, नको भिऊ सासऱ्याला,*
*देव ज्याच्या वाटेत उभा, उशीर कसला त्याला!*

हॉल नुसता उसळला. निवेदकाने माईकवरून विचारलं, “कोण हो हे कवी आप्पा?” आता मागे कसं फिरणार? अनिलने ठोकून दिलं, “आमचे आप्पा रेवाळे, वरची वाडी, तालुका रत्नागिरी.” कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि आठवडाभरात तो ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजायला लागला.

वाडीत तो आणला बैठकीतल्या सदू गोताडने. चेहरा असा, जणू मयताची वर्दी घेऊन आलाय. “आप्पा, तुम्ही आम्हाला दार बंद ठेवायला सांगता, आणि स्वतः हे?” आप्पांनी गवळण शेवटपर्यंत ऐकली. मग परत लावायला सांगितली. आत सत्यवतीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

“मी नाही रचली,” आप्पा एवढंच म्हणाले. पण ऐकतो कोण! एसटीत कंडक्टर हात जोडू लागला. बँकेतली बाई म्हणाली, “आजोबा, काय रंगेल हो तुम्ही!” आणि गुरुवारी बैठकीला निम्मी माणसं आली नाहीत. आलेल्यांत दोघं पोथीऐवजी आप्पांकडे बघून हसत होती. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. सत्यवतीला ताट तसंच परत न्यावं लागलं, आणि तिला फार वाईट वाटलं. खरं सांगावं तर गाणं जातं. न सांगावं तर ज्या माणसाने जन्मात खोटं केलं नाही तो तिच्यापायी खोटा ठरतो. टीव्ही निदान भाच्याच्या घरी तरी होता. डोक्यातलं गाणं बंद झालं तर ते कुठे ठेवायचं?

गणपतीला अनिल पार्टीसकट गावी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली, घरापुढच्या खळ्यात सगळी वाडी बसली, बैठकीची माणसंही बसली, आणि आप्पा उठले.

“अनिल, माझं नाव त्या गवळणीत कोणी घातलं?”

“मी घातलं,” अनिल म्हणाला, आणि तालमीसाठी चाळ बांधलेला पाय हळूच मागे घेतला. चाळ वाजायचा तो वाजलाच.

“आणि गवळण कोणाची?”

अनिलने गंगारामकडे पाहिलं. गंगारामने आंब्याच्या झाडाकडे पाहिलं. शूरवीर दोघेही! मग माजघरातून सत्यवती बाहेर आली.

“माझी आहे आप्पा. मी रचली.”



“त्यातला तो करडा सासरा कोण?”

“राधेचा.”

“राधेचा सासरा तिला जाप कर म्हणायचा?”

सत्यवतीने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. “नाही. तो माझा.”

कोणीतरी फस्सकन हसलं आणि मग त्याला थांबवणाऱ्यांनाच हसू फुटलं. सदू गोताडने उपरणं तोंडात कोंबलं. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी सदूकडे पाहिलं, बैठकीच्या एकेका माणसाकडे पाहिलं.

“ऐकलंत ना सगळ्यांनी? गवळण माझी नाही. मला दोन ओळी जुळवता येत नाहीत. माझ्या सुनेची आहे. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावणं ही चोरी, आणि चोरीचं माझ्या घरात चालत नाही. अनिल, आज नाचाल तेव्हा हिचं नाव घालायचं. सगळीकडे घालायचं. ज्यांनी ज्यांनी माझ्या नावाने ऐकलं, त्यांना कळलं पाहिजे.”

“म्हणजे… मी गाणी करू?” सत्यवतीने विचारलं.

“गाण्याने दार उघडं राहतं, हे मी म्हणतो ते म्हणतोच,” आप्पा म्हणाले. “पण ती शेवटची ओळ. देव ज्याच्या वाटेत उभा. इतकी वर्षं पोथी सांगतोय मी, मला हे असं सांगता आलं नाही. येत्या गुरुवारी बैठकीत त्या ओळीवर बोलणार आहे. कोणाची ओळ म्हणून विचारलं तर काय सांगायचं? गंगारामच्या बायकोची?”

“नको,” ती म्हणाली. “सत्यवतीची सांगा.”

“बरं,” आप्पा म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी मोदक मागितला.

संध्याकाळी पार्टी खळ्यात नाचली. ‘आप्पा’च्या जागी ‘सत्यवती’ घालायचं म्हणजे नाव लांब. पहिल्या खेपेला अनिलचा दम तुटला, दुसऱ्या खेपेला ढोलकीवाला पुढे निघून गेला. तिसऱ्या खेपेला ढोलकी थांबली, नाव संपेपर्यंत थांबली, आणि मग पोरांनी एका गळ्याने म्हटलं, “सत्यवती सांगे राधे!” दारात उभी राहून ती रडली, अगदी सगळ्यांसमोर, आणि कोणी विचारलं तर धूर गेला डोळ्यांत असंसुद्धा तिने सांगितलं नाही.